पाला बाहेर, पोती आत

शनिवारी सकाळी जरा उशिरा उठून, चहाचा कप घेऊन गॅलरीत उभं राहावं, तर खालून कात्रीची कचकच. आमचे माळीमामा ड्युरांटाच्या कुंपणाची हजामत करत होते. दहा वाजेपर्यंत गेटपाशी अकरा पोती उभी राहिली. छाटलेल्या फांद्या, लॉनचं गवत, बदामाची वाळलेली पानं. साडेदहाला टेम्पो आला आणि पोती घेऊन गेला. आणि (अजिबात रंगवून सांगत नाहीये, दुसरा चहा झाला तरी मी तिथंच उभा होतो) अकराच्या सुमाराला नर्सरीचा टेम्पो आला. त्यातून उतरली कंपोस्ट खताची सहा पोती!

दोन्ही टेम्पोंचे पैसे मेंटेनन्समधून, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. घरचं दूध कोणीतरी घेऊन जावं म्हणून त्याला पैसे द्यायचे, आणि मग दुकानातून दही विकत आणायचं, त्यातला हा प्रकार आहे.

तर माझं म्हणणं सरळ आहे. सोसायटीच्या भिंतीच्या आत उगवलेलं पान गेटच्या बाहेर जाता कामा नये. एकही नाही.

आता लगेच कोणीतरी म्हणणार, "अहो, पण वास येतो!" येतो ना. मीच सांगतो त्याची गोष्ट. आमच्याकडे पंपहाऊसच्या मागे बिल्डरने बांधून दिलेले दोन खड्डे होते. घराघरातला ओला कचरा त्यात जायचा. दोन महिन्यांत असा काही वास सुटला की तळमजल्यावरच्या काकूंनी खिडक्या उघडणं बंद केलं. मीटिंग झाली, खड्डे बंद करायचा ठराव आला, आणि हात वर करणाऱ्यांत मीही होतो. मला उकिरड्याच्या वासापेक्षा मीटिंग लवकर संपण्यात जास्त रस होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पण वास का आला? खड्ड्यात फक्त ओलं पडत होतं म्हणून. भाज्यांची देठं, शिळा भात, चहाचा चोथा. सगळ्याचा मिळून गच्च चिखल, आत हवा शिरायला जागा नाही. हवा नसली की कुजणं नाही, सडणं होतं. खत करणाऱ्या जंतूंना साधारण पंचवीस-तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन असं जेवण लागतं. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन भरपूर, कार्बन कमी. वाळलेल्या पानांत नेमकं उलटं. म्हणजे खड्ड्याला ज्या औषधाची गरज होती ते औषध पन्नास पावलांवर गेटपाशी पोत्यात भरून टेम्पोची वाट बघत होतं! ओला कचरा हाउसकीपिंगकडे, बाग माळीकामाच्या कंत्राटदाराकडे. दोन टीम, दोन मॉड्यूल्स, इंटिग्रेशनच्या नावाने बोंब. आणि ही चूक ज्यांच्या लक्षात यायला हवी होती ते आपण दिवसभर ऑफिसात हेच निस्तरत असतो.

यात नवीन काही नाही. अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ इंदूरच्या संस्थेत कापसावर काम करायला आला आणि शेतातल्या काडीकचऱ्याचं खत करण्याची 'इंदूर पद्धत' बसवून गेला. पाला, शेण, थोडी राख आणि माती यांचे दोन फूट खोल खड्ड्यात थर द्यायचे, तीन वेळा वरखाली करायचं, तीन महिन्यांत खत तयार. त्यावरचं पुस्तक १९३१ साली आलं आणि त्यावर हॉवर्डच्या शेजारी दुसरं नाव आहे यशवंत वाड. हे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलंय? असो.

आता त्या अकरा पोत्यांचं पुढे काय होतं? मामांना विचारलं तर म्हणाले, "टेम्पोवाला कुठंतरी टाकतो साहेब. नाहीतर पेटवून देतो." उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली. तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ सुरू झाली की संध्याकाळी शहरभर तो धूर असतोच. त्यात कण्हेरीच्या फांद्या असतील तर तो धूर चक्क विषारी. तो जातो मामांसारख्यांच्या छातीत, आपण एसीत. आणि जे जळत नाही ते गावाबाहेर. २०१७ साली उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा पुण्यात रस्तोरस्ती ढीग साचले आणि आपण 'काय हे गावकरी' म्हणून नाकं मुरडली. त्यांनी आपली बदामाची पानं का ठेवून घ्यावीत, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मुळात एवढी छाटणी निघतेच का, हाही प्रश्न आहे. दर पंधरा दिवसांनी झुडपं चौकोनी कापण्याचा हा काय सोस? जास्वंदीला फुलं नव्या फुटीवर येतात. नवी फूट दिसली रे दिसली की आपण ती उडवतो आणि मग मीटिंगमध्ये विचारतो, जास्वंद फुलत का नाही? जुन्या, वाळक्या, एकमेकींत अडकलेल्या फांद्या बुंध्यापासून काढा, बाकी झाडाला झाडासारखं दिसू द्या. वाफ्यांचंही तेच. झुडपाखालची पानं खराट्याने ओरबाडून माती उघडी पाडायची, ऊन लागून ती तडकली की दोनदा पाणी घालायचं, आणि उन्हाळ्यात टँकर मागवताना कपाळाला हात लावायचा. ती पानं तिथंच तीन-चार बोटं जाड पसरली तर ओल टिकते, तणही कमी येतं. पण नाही, ते 'साफ' दिसत नाही ना!

"वेळ कोणाला आहे?" हा शेवटचा हुकमी एक्का. मी मामांबरोबर एका रविवारी करून बघितलं. फांद्या बोटाएवढ्या तोडल्या, एक बादली ओल्या कचऱ्यावर दोन-तीन बादल्या वाळकी पानं, वर मूठभर जुनं खत, पिळलेल्या फडक्याइतकी ओल. लॉनचं गवत पातळ थरात, नाहीतर त्याची लगदी होते (पहिल्या वेळी झालीच). सगळं मिळून पाऊण तास. एवढा वेळ मी कॅबची वाट बघण्यात घालवतो. पाचव्या दिवशी ढिगात हात घातला तर चटका बसला. वास? पहिल्या पावसानंतर रानात येतो तसा. तळमजल्यावरच्या काकू स्वतः येऊन हुंगून गेल्या. काही बोलल्या नाहीत, पण खिडकी उघडी आहे.

सेक्रेटरीकाकांना परवा पत्र दिलंय: दोन्ही टेम्पो बंद करा, खड्डे उघडा आणि वाचलेल्या पैशातून मामांचा पगार वाढवा, कारण वरखाली करण्याचं काम शेवटी तेच करणार आहेत. काका म्हणाले, "मीटिंगमध्ये मांडा, बघू." मीटिंग येत्या रविवारी दहाला. त्याआधी आठ वाजता मी पंपहाऊसमागे आहे, ढीग दुसऱ्यांदा उलटायचाय. फावडं एकच आहे, येताना जमलं तर आणा.