अंगणवाडी गल्लीत, तरी आईबाबांशी बोलणं का होत नाही?

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या सहा सेवांपैकी आहार, लसीकरण आणि पूर्वशालेय शिक्षण बहुतेकांना ठाऊक असतं. पोषण आणि आरोग्याचं शिक्षण, म्हणजे पालकांशी बोलणं, ही सेवा मात्र मागे पडते.

बोलणं इतकं महत्त्वाचं का?

तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत येऊन गरम आहार घेतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा शिधा घरी दिला जातो. तो बाळाच्याच पोटात जातो का, वरचं अन्न कधी सुरू होतं, बाळाशी कोण किती बोलतं, हे सगळं घरात ठरतं. मेंदूची वाढही याच वयात झपाट्याने होते. २०२४ मध्ये केंद्राने आणलेल्या ‘नवचेतना’ आराखड्यात या वयासाठी १४० कृती आहेत. पण घरी त्या करून घेणार आईबाबा, आजी-आजोबाच.

अडतं कुठे?

पहिली अडचण वेळेची. अंगणवाडी भरते तेव्हा आई शेतात किंवा मजुरीवर असते. सेविका गृहभेटीला गेली तर घरात आजी भेटते.

दुसरी स्थलांतराची. ऊसतोड कुटुंबं कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये स्थलांतराची नोंद करता येते. पण कोपीपासून अंगणवाडी लांब असेल, तर नुसत्या नोंदीने बाळाचं पोट भरत नाही.

तिसरी मोबाइलची. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या शिध्यासाठी चेहरा पडताळणी सक्तीची झाली. शिधा खऱ्या लाभार्थ्यालाच मिळावा, हा हेतू रास्त आहे. पण ओटीपी येणारा फोन नवऱ्याच्या खिशात आणि नवरा कामावर असेल, तर बोलण्याची वेळ पडताळणीतच जाते.

मग उपाय काय?

पोषण अभियानात महिन्यातून दोनदा गावपातळीवर कार्यक्रम घेणं अपेक्षित आहे. त्यातला ‘सुपोषण दिवस’ खास वडिलांसाठी आहे. तो सकाळी अकराला ठेवला तर वडील येणार नाहीत. संध्याकाळी पारावर ठेवला तर येऊ शकतात. गृहभेटीत आजी भेटली, तर तिलाच विषय समजावणं शहाणपणाचं. त्यासाठी सेविकेच्या डोक्यावरचं नोंदींचं ओझं मात्र कमी करावं लागेल.

शिधा कोणी उचलला, हे स्क्रीनवर दिसतं. बाळाच्या वाटीत काय पडलं, हे घरच्यांशी बोलल्यावरच कळतं.