बालसंगोपन : लंगोटाखालची लाली

गेल्या श्रावणात एक आजी आपल्या सात महिन्यांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. मागोमाग सूनबाई होत्या. त्या मात्र दाराजवळच थांबल्या. पेठेतील कापडाचे जुने दुकान, एकत्र कुटुंब, घरात चौदा माणसे. बाळाचा लंगोट सोडला तेव्हा नितंब आणि मांड्यांचा आतला भाग जास्वंदीसारखा लाल झालेला दिसला. दोन ठिकाणी त्वचा सोलवटली होती. ओला कापूस लागताच बाळ कळवळून रडले.

आजी म्हणाल्या, "डॉक्टरबाई, माझी तीन मुले कापडी लंगोटावरच वाढली. एकालाही असे कधी झाले नाही. हिला लंगोट नीट धुताच येत नाहीत."

सूनबाई काही बोलल्या नाहीत. आजी बाळाला घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "बाई, तयार डायपर वापरू दे, असे तुम्हीच आईंना सांगा ना. तुमचे ऐकतील."

अशा वेळी निवाडा देण्याचा मोह डॉक्टरलाही होतो. मी दोघींना पुन्हा आत बोलावले आणि बाळाचा लंगोट दिवसभरात केव्हा केव्हा बदलला जातो एवढेच विचारले. उत्तर देताना दोघी अडखळल्या.

लंगोटाखालची त्वचा लाल का होते, हे आधी पाहू. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि तोच तिचा बचाव असतो. १९२१ साली कुक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी लंगोटातील अमोनियावर बोट ठेवले: मलातील जंतू मूत्रातील युरियाचे विघटन करतात, अमोनिया तयार होतो आणि तो त्वचा जाळतो, असे त्यांचे म्हणणे. जुन्या लंगोटाचा झोंबरा वास आठवला की हे पटतेही. परंतु १९७७ साली लेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा पुरळ असलेल्या आणि नसलेल्या बाळांच्या मूत्रातील अमोनियात विशेष फरक आढळला नाही. आज आपण असे समजतो की अमोनिया एकटा गुन्हेगार नव्हे, तो वाट मोकळी करून देतो. त्याच्यामुळे त्वचेची आम्लता घटते, आम्लता घटली की मलातील पाचक द्रव्ये प्रबळ होतात, आणि आधीच ओलाव्याने फुगून मऊ पडलेल्या त्वचेवर ती आपले काम करू लागतात. त्यात कापडाच्या घर्षणाची भर पडते. थोडक्यात, मूत्र आणि मल एकत्र किती वेळ राहिले, यावर सारे अवलंबून असते.

म्हणूनच केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांना हा त्रास तुलनेने कमी होतो. त्यांचा मल अधिक आम्लधर्मी असतो. उष्टावण झाले, वरचे अन्न सुरू झाले की चित्र पालटते. नऊ ते बारा महिने हा काळ विशेष जपण्याचा. आजींच्या तिन्ही मुलांना काहीच झाले नाही हे खरे असेलही. पण त्या वेळी घरात दोन विधवा आत्याबाई होत्या आणि बाळ सदैव कुणाच्या तरी मांडीवर असे, हे त्यांनीच पुढे बोलता बोलता सांगितले. मांडी ओली झाली की लंगोट आपोआप बदलला जातो. पाळण्यातल्या बाळाला ती सोय नाही.

आता या घरातील दिवस पाहा. सकाळी दहा ते दीड स्वयंपाक, दुकानात डबे पाठवणे. दुपारी चारपासून पुन्हा लगबग, कारण चातुर्मासात घरातील बहुतेक सर्व माणसे सूर्यास्तापूर्वी जेवतात. या दोन्ही वेळा बाळ पाळण्यात, आणि अंथरूण भिजू नये म्हणून लंगोटावर प्लास्टिकची चड्डी. म्हणजे दिवसातून दोनदा, प्रत्येकी तीन-साडेतीन तास, ओले कापड आणि त्यावर हवाबंद झाकण. सुती कापडाचा सर्वांत मोठा गुण हा की त्यातून हवा खेळते. प्लास्टिकची चड्डी तो गुणच काढून घेते. ती मी त्याच दिवशी बंद करावयास सांगितली. अंथरुणाखाली रबरी कापड घालावे, अंथरूण भिजले तर भिजू द्यावे.

तयार डायपरविषयी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आजकालच्या चांगल्या डायपरमध्ये ओलावा शोषून त्वचेपासून दूर ठेवण्याची शक्ती कापडापेक्षा निश्चितच अधिक आहे. रात्रीपुरते किंवा प्रवासात ते वापरले तर घराण्याची परंपरा बुडत नाही. परंतु डायपर बांधून बाळाला सहा तास विसरायचे असेल, तर तेथेही लाली येणारच. शिवाय खर्च आणि कचरा हे दोन्ही हिशेबात धरावे लागतात. कापडी लंगोट आजही उत्तम आहे, मात्र तो ओला होताच बदलावा लागतो. पहिल्या काही महिन्यांत बाळ दिवसाकाठी पंधरा-वीस वेळा लघवी करते. तेव्हा घरात दोन-तीन डझन लंगोट तरी असावेत. जुन्या धोतराचे किंवा मऊ सुती पातळाचे लंगोट नव्या कोऱ्या कापडाहून चांगले. कापडाचा व्यापार करणाऱ्या घराला हे मी काय सांगावे; तरी नवे कापड वापरण्यापूर्वी दोन-तीनदा धुऊन त्यातील खळ काढून टाकावी, एवढे लिहून ठेवते.

धुण्याच्या बाबतीत आजींचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. मात्र चूक सूनबाईंची म्हणण्यापेक्षा पाण्याची होती. नळाला पाणी एक दिवसाआड, म्हणून लंगोट बोअरच्या जड पाण्यात धुतले जात. जड पाण्यात साबणाचा पांढरट साका तयार होतो आणि तो धाग्यांत अडकून बसतो. त्यातच दोन झाकणे जंतुनाशक द्रव. पाणी वाचवायचे म्हणून खळबळणे एकदाच. असा लंगोट वाळला की कडक होतो, कमी शोषतो, आणि बाळाने लघवी केली की त्यातील साबण पुन्हा त्वचेवर उतरतो. एक सोपी परीक्षा आहे. धुऊन वाळवलेला लंगोट स्वच्छ पाण्याच्या तांब्यात बुडवून चोळावा. पाण्यावर फेस आला किंवा पाणी दुधाळ झाले, तर तो लंगोट धुतलेला नाही असे समजावे. सूनबाईंनी घरी जाऊन हे केले आणि फेस पाहून स्वतःच चकित झाल्या.

लंगोट धुण्याची पद्धत अशी ठेवावी. शी लागली असेल तर आधी गार पाण्यात काढून टाकावी. गरम पाण्याने डाग पक्के होतात. मग थोडा साधा साबण आणि गरम पाणी. त्यानंतर स्वच्छ पाण्यात तीनदा खळबळणे. नळाचे मऊ पाणी थोडेच असेल, तर ते शेवटच्या खळबळण्यासाठी राखून ठेवावे. जंतुनाशक द्रव, नीळ, कपडे मऊ व सुगंधी करणारे द्रव यांपैकी काहीही लंगोटाला नको. उन्हात वाळवणे सर्वांत उत्तम. पावसाळ्यात बोळातील दोरीवर दमट राहिलेले लंगोट इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करावेत आणि निवल्यावरच बांधावेत.

एक गोष्ट मात्र ऐकून मी खरोखर घाबरले. पाऊस लांबल्यावर लंगोट पुरेनात, म्हणून आजींनी ट्रंकेतील जुनी दुपटी आणि लंगोट काढले होते. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या. नॅप्थलिनच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे न धुता तान्ह्या बाळाला घातल्याने, रक्तातील एका विशिष्ट विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. ही कमतरता आपल्या देशात अनेक घराण्यांत असते आणि बहुधा कुणाला ठाऊक नसते. सुदैवाने या बाळाला तसे काही झाले नव्हते. पण बाळंतविड्याचे कपडे ज्या ट्रंकेत ठेवाल, तेथे डांबरगोळ्या ठेवू नका.

आता उपचार. साधी लाली असेल तर पहिले औषध मोकळी हवा. दिवसातून चार-पाच वेळा, पंधरा-वीस मिनिटे, बाळाला लंगोटाविना दुपट्यावर निजवावे. शी झाल्यावर कोमट पाण्याने धुवावे. आपल्या घरी गाळून उकळलेले पाणी असतेच, तेच कोमट करून घ्यावे. तेथे साबण नको, आणि अंघोळीच्या वेळी डाळीच्या पिठाने चोळणे तर अजिबात नको. मऊ कापडाने टिपावे, पुसू नये. मग झिंक ऑक्साइडचे मलम जाड थराने लावावे, पोळीला लोणी लावतो तसे. पुढच्या वेळी तो थर खरवडून काढण्याचा हट्ट धरू नये. वरची घाण तेवढी हलकेच टिपून घ्यावी आणि वर नवा थर द्यावा. मलमाचा चिकटपणा लंगोटाच्या कापडाला धरतो, म्हणून आत मलमलीचा एक वेगळा तुकडा घालावा.

पावडर वापरू नये. शंखजिऱ्याची पावडर श्वासातून बाळाच्या फुप्फुसांत जाते. वेखंडाची पूड सोललेल्या त्वचेवर झोंबते. आणि बोरिक पावडर, जी मुले कॅरमच्या पाटावर टाकतात, ती तर बाळाच्या जवळही येऊ देऊ नये. फुटलेल्या त्वचेतून ती रक्तात शिरते आणि विषासारखी बाधते. पूर्वी परदेशात बोरिकयुक्त पावडरींनी बाळे दगावली आहेत.

या उपायांनी दोन-तीन दिवसांत उतार पडावा. पडला नाही, तर बहुधा बुरशीचा शिरकाव झालेला असतो. ओळख अशी: साधी लाली उंचवट्यांवर, म्हणजे जेथे कापड घासते तेथे दिसते, जांघेतील घड्या बहुधा वाचतात. बुरशीची लाली घड्यांमध्येच अधिक गडद असते आणि तिच्या कडेबाहेर लहान लहान लाल ठिपके विखुरलेले दिसतात. जुलाबानंतर किंवा प्रतिजैविकांनंतर ती हटकून येते. या बाळाला तीन आठवड्यांपूर्वी खोकल्यासाठी प्रतिजैविक दिले गेले होते, आणि घड्यांतील ठिपके स्पष्ट होते.

मी विचारले, "आतापर्यंत काय लावले?" सूनबाईंनी पर्समधून एक ट्यूब काढली. ओळखीच्या औषध दुकानातून, चिठ्ठीविना आणलेली. "लावले की दोन दिवसांत लाली जाते, बाई. बंद केले की पुन्हा येते. म्हणून महिनाभर लावतोच आहोत."

ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन औषधांची नावे होती: एक बुरशीचे, एक जंतूंवरचे आणि तिसरे क्लोबेटासॉल, म्हणजे अत्यंत तीव्र स्टेरॉइड. लाली दोन दिवसांत जात होती ती याच्यामुळे. स्टेरॉइड लाली दडपते, परंतु त्वचेची झुंजण्याची शक्तीही दडपते; खाली बुरशी सुखाने वाढत राहते. तान्ह्या बाळाची त्वचा पातळ, त्यात घडीची जागा, वर लंगोट आणि प्लास्टिक. अशा झाकलेल्या जागी औषध कित्येक पटींनी आत शिरते. त्वचा विरळ होते. दीर्घकाळ लावले तर ते रक्तात जाऊन बाळाच्या शरीरातील स्वतःच्या स्टेरॉइडची निर्मितीही मंदावते. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकण्याच्या यादीत घातली, तरी काउंटरवरून ती आजही सहज मिळतात. आपल्यापैकी अनेकांची औषधांची दुकाने आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते: क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन ही नावे ज्या ट्यूबवर असतील, ती लंगोटाच्या पुरळासाठी कुणी मागितली तर देऊ नका. गिऱ्हाईक नाराज झाले तरी देऊ नका.

ती ट्यूब मी ठेवून घेतली. बुरशीचे साधे मलम लिहून दिले, त्यावर झिंकचा थर. लाली प्रथम थोडी वाढेल, भिऊ नका, असेही सांगितले. स्टेरॉइड एकदम थांबवले की तसे होते.

काही बाळांना मात्र घरगुती उपायात वेळ न घालवता दाखवावे. महिन्याच्या आतील बाळ, ताप, पू भरलेल्या पुटकुळ्या किंवा मधासारख्या रंगाच्या खपल्या, रक्त येणे, दूध सोडणे. तसेच तोंडाभोवती आणि हातापायांवरही पुरळ उठून जुलाब होत असतील, तर शरीरातील जस्ताची कमतरता असू शकते. तिचा उपचार वेगळा आहे.

पाचव्या दिवशी बाळ पुन्हा आले. सोललेली जागा भरत होती. दहाव्या दिवशी त्वचा जवळपास पूर्ववत झाली. लंगोट कापडीच आहेत, रात्री एक तयार डायपर. आजींनी सांगितले की आता सकाळी अकराचा आणि साडेबाराचा लंगोट आजोबा बदलतात. दुकान मुलगा उघडतो, आजोबा एक वाजता गादीवर जातात. "पहिल्या दिवशी गाठ उलटी बांधली होती," त्या म्हणाल्या, आणि या वेळी सूनबाई दाराशी नव्हत्या, आजींशेजारच्या खुर्चीवर बसून हसत होत्या.

(पुढील अंकी : दात येताना)