आधी कागद, मग जकात

2025 सालच्या लक्ष्मीपूजनाला सहा दिवस उरले असताना, म्हणजे 15 ऑक्टोबर रोजी, भारतीय टपाल खात्याने अमेरिकेकडे जाणारी पार्सले पुन्हा स्वीकारण्यास प्रारंभ केला, आणि चकलीची भाजणी दळून आणावी की नाही या विवंचनेत असलेल्या कित्येक मराठी घरांतील स्वयंपाकघरांना जाग आली. आठशे डॉलरपर्यंतच्या परदेशी मालास अमेरिकेत मिळणारी जकातमाफी 29 ऑगस्टपासून उठली होती. नवी जकात कोणी, कोठे व कोणत्या रीतीने वसूल करावयाची याचा उलगडा न झाल्यामुळे विमान कंपन्यांनी टपाल नेण्यास असमर्थता दर्शविली होती. आणि प्रथम काही प्रकारचे व ऑगस्टच्या अखेरीस सर्वच टपाल आपल्या खात्याला थांबवावे लागले होते. पुढे जी व्यवस्था ठरली ती अशी, की शंभर डॉलरपर्यंतची भेट मुक्त, व इतर पार्सलांच्या घोषित किमतीवर पन्नास टक्के जकात, तीही येथेच, टपाल कचेरीच्या खिडकीत, पार्सल सोडण्यापूर्वी भरावयाची.

पन्नास टक्के हा दर जुलमी होता, हे आम्ही निःसंकोच म्हणतो. परंतु त्या व्यवस्थेत एक गोष्ट अशी होती की जिची आठवण आमच्या स्वतःच्या सरकारला करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते. परक्या राज्याची जकात किती, हे रायगड जिल्ह्यातील आमच्या नेरळच्या माणसाला पैसे मोजण्याआधी कळत होते, ती कशावर बसली हे कळत होते, आणि पावती त्याच्या हाती पडत होती. रक्कम पाहून त्याचे मन फिरले, तर डबा बगलेत मारून तो घरी परत येऊ शकत होता. आता हाच प्रवास उलट दिशेने करून पाहावा. न्यू जर्सीतील मुलीने वडिलांसाठी पाठविलेला खोका मुंबईस विमानतळावर उतरतो, आणि त्यावर आपल्याच सरकारची जकात किती बसणार, कशी बसणार व केव्हा बसणार, हे त्या वडिलांना सांगणारा अधिकारी माणूस या जगात कोणी नाही. खोका ‘सीमाशुल्क तपासणीत’ आहे, एवढे एक वाक्य भ्रमणध्वनीवर दिवसेंदिवस दिसत राहते. नंतर एके दिवशी अमुक रुपये भरा म्हणून तगादा येतो. आकड्याची फोड नाही, दराचा उल्लेख नाही, हुकमाचा क्रमांक नाही. भरले नाहीत तर गोदामभाडे चढू लागते, आणि तीस दिवसांत न सोडविलेला माल नोटिशीनंतर विकण्याची मुभा कायद्याने दिलेलीच आहे.

जकात घेऊ नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परदेशी मालावर कर बसविणे हा राज्याच्या सार्वभौमत्वाचा अंश आहे, आणि या भूमीत तो फार पूर्वीपासून विवेकाने वापरला गेला आहे. 1671 मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळ मामल्याचा सरसुभेदार नरहरी आनंदराव यास पाठविलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे: पोर्तुगीज अंमलातील बारदेशचे मीठ स्वस्त पडून संगमेश्वराकडील मिठाचा उदीम बुडेल, म्हणून त्या मिठावर जबर जकात बसवावी, अशी ती आज्ञा होती. साडेतीनशे वर्षांनंतरही ते पत्र वाचताना लक्ष वेधून घेते ते हे, की जकातीच्या हुकमासोबत जकातीचे कारण दिलेले आहे. वसूल करणाऱ्या अंमलदारासही आपण हे का करीत आहोत, हे ठाऊक असावे, अशी त्या राज्यकर्त्याची अपेक्षा होती.

आजच्या कारभारातही कारणे नाहीत असे नाही. ती आहेत, पण राजपत्रात आहेत. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना टपालाने किंवा कुरिअरने येताना मिळणारी माफी 12 डिसेंबर 2019 रोजी रद्द झाली, कारण परदेशी ऑनलाइन दुकाने विक्रीचा माल ‘भेट’ म्हणून धाडून जकात चुकवीत होती. ती पळवाट बुजविणे योग्यच होते. पण व्यापाऱ्यासाठी टाकलेल्या त्या जाळ्यात मावशीने भाच्याला पाठविलेला स्वेटरही अडकला, आणि त्या मावशीला कोणी काही सांगितले नाही. माफी उरली ती जीवरक्षक औषधांना व राखीला. राखीसोबतच्या भेटीला ती नाही. यानंतर कित्येक वर्षे वैयक्तिक वापराच्या वस्तूवरील हिशेब असा होता: शंभर रुपयांच्या वस्तूवर पस्तीस रुपये मूळ जकात, त्या जकातीवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे साडेतीन रुपये, आणि मग या साऱ्याच्या बेरजेवर, म्हणजे एकशे साडेअडतीस रुपयांवर, अठ्ठावीस टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर; एकूण 77 रुपये 28 पैसे. त्यातही ‘शंभर रुपये’ म्हणजे केवळ वस्तूची किंमत नव्हे; वाहतुकीचा व विम्याचा खर्च तीत मिळविला जातो. पुढे हे दर उतरले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु दर चढे असोत वा उतरते, हा चार ओळींचा हिशेब पैसे भरणाराच्या हाती का पडू नये? करावर कर कसा चढतो हे ज्याला कोणी कधी समजावून सांगितले नाही, त्याला चाळीस डॉलरच्या वस्तूवर अडीच हजारांची मागणी ही लूट वाटली, तर तो दोष त्याचा नाही.

या मागणीच्या पोटात दुसरीही एक गोष्ट दडलेली असते, आणि तंट्याचे मूळ बहुधा तेथेच असते. सरकारची जकात ही एक बाब. कुरिअर कंपनीने ती आगाऊ भरल्याबद्दलचा आकार, माल सोडविण्याचा आकार, गोदामभाडे व या सेवांवरील कर ही सर्वस्वी निराळी बाब. पहिली रक्कम कायद्याने देय आहे व तिच्याविरुद्ध दाद मागावयाची ती सरकारकडे. दुसरी कराराने देय आहे, करार झालाच नसेल तर ती देय आहे किंवा नाही हाच प्रश्न आहे, आणि तिची दाद ग्राहक आयोगाकडे. दोन्हींची मिळून एकच बेरीज ग्राहकापुढे ठेवली, की कोणाशी भांडावयाचे हेच त्याला उमगत नाही. कंपनीकडे विचारावे तर ती सीमाशुल्क खात्याकडे बोट दाखविते, आणि खात्याच्या दारापर्यंत नेरळचा माणूस पोहोचत नाही.

पोहोचत नाही, हे अक्षरशः खरे आहे. न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर 1989 पासून आमच्याच रायगड जिल्ह्यात उभे आहे, परंतु हवाई मार्गाने येणाऱ्या लहान पार्सलाचा त्या बंदराशी संबंध नाही; कुरिअरने आलेले पार्सल सहारला अडते व टपालाने आलेले बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघराकडे जाते. नेरळहून मुंबईस जावयाचे म्हणजे लोकलचे जाता दोन तास, येता दोन तास आणि एका दिवसाची मजुरी किंवा रजा. परदेशी माल या गावाला नवा नव्हे. 1907 मध्ये माथेरानची छोटी रेल्वे सुरू झाली तेव्हा तिची वाफेची इंजिने जर्मनीतील ओरेन्स्टाइन आणि कोपेल यांच्या कारखान्यात घडून, समुद्र ओलांडून, या डोंगराच्या पायथ्याशी आली होती. पण ती आणविणाऱ्या पीरभॉय घराण्यासारख्या व्यापाऱ्यांना बंदरावर गुमास्ते ठेवणे अवघड नव्हते. आज ज्याचे पार्सल अडते तो निवृत्त शिक्षक असतो, रोपवाटिका चालविणारा शेतकरी असतो, परदेशी यंत्राचा एक सुटा भाग मागविणारा कारागीर असतो. त्याचा गुमास्ता म्हणजे ती कुरिअर कंपनीच, आणि तिचे हित त्याच्या हिताशी सर्वस्वी जुळते असे नाही.

कायद्याने या माणसाला निराधार सोडलेले नाही, म्हणून तर खेद अधिक होतो. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या सतराव्या कलमात असे स्पष्ट म्हटले आहे, की आयात करणाराने केलेली आकारणी अधिकाऱ्याने बदलली आणि ती आयात करणाराने लेखी मान्य केली नाही, तर पंधरा दिवसांच्या आत कारणांसह हुकूम दिला पाहिजे. परंतु कुरिअर कंपनीने ग्राहकाच्या वतीने वाढीव आकारणी मान्य करून पैसे भरले, की त्या पंधरा दिवसांचा प्रश्नच उरत नाही. ज्याच्या नावाने ही मान्यता दिली गेली त्याला तिची वार्ताही नसते. सप्टेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आय.टी.सी. कंपनीच्या खटल्यात असा निर्णय दिला, की आकारणी अपिलात किंवा अन्य रीतीने बदलून घेतल्याखेरीज भरलेल्या जकातीचा परतावा मागता येत नाही. न्यायालयाचा तर्क आम्ही मान्य करतो. मात्र त्याचा अर्थ नेरळच्या पार्सलधारकाला असा होतो, की आकारणीचा कागद नाही तर अपील नाही, आणि अपील नाही तर परतावा नाही. अधिकाऱ्यांनीच अडकवून ठेवलेल्या मालावर गोदामाने भाडे आकारू नये, असे 2009 च्या नियमावलीत लिहिलेले आहे. पण अडकवून ठेवल्याचा दाखला हाती नसेल तर तो नियम दाखवावयाचा कोणाला? प्रत्येक हक्काच्या दारावर एक कागद मागितला जातो, आणि तो एकच कागद दिला जात नाही, ही आमची तक्रार आहे.

स्वेटर व पुस्तके थांबली तर माणूस हळहळून गप्प बसेल. औषधाचे तसे नाही. 2021 च्या फेब्रुवारीत मुंबईतील एका तान्ह्या मुलीसाठी, स्नायूंची शक्ती हरपत नेणाऱ्या आनुवंशिक रोगावरील सुमारे सोळा कोटी रुपयांचे इंजेक्शन अमेरिकेहून आणावयाचे होते. आईबापांनी लोकांपुढे पदर पसरून ती रक्कम उभी केली, आणि तेव्हा कळले की जकात व कर मिळून आणखी सुमारे सहा कोटी भरावे लागतील. त्या वेळचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले व केंद्र सरकारने कर माफ केला. सरकारचे ते कृत्य स्तुत्यच होते. परंतु माफी मिळण्यासाठी पंतप्रधानांपर्यंत पत्र जावे लागले, ही व्यवस्थेची शोभा नव्हती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्राणवायूसाठी देश तळमळत असताना, दिल्लीतील पंचाऐंशी वर्षांच्या एका रुग्णाला आप्ताने अमेरिकेहून भेट पाठविलेल्या प्राणवायू यंत्रावरील बारा टक्के कर तेथील उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला, आणि 1 जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. एका श्वासयंत्राचा कर ठरविण्यासाठी देशातील दोन श्रेष्ठ न्यायपीठांना बसावे लागले.

तेव्हापासून एक पाऊल निश्चित पुढे पडले आहे. राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणात नोंदलेल्या रोगांवरील, वैयक्तिक उपयोगासाठी आणलेल्या औषधांना व विशेष आहाराला 1 एप्रिल 2023 पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी लागणारा दाखला जिल्हा शल्यचिकित्सकही देऊ शकतात, म्हणजे आमच्या वाचकांपैकी कोणावर तसा प्रसंग ओढवला तर दिल्लीस जाण्याचे कारण नाही, अलिबागला जावे. ही गोष्ट कर्जत व खालापूर तालुक्यांतील प्रत्येक आरोग्य केंद्राच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावयास हवी होती.

अंधार जेथे असतो तेथे चोर येतात, आणि या क्षेत्रातही ते आलेले आहेत. तुमचे पार्सल अडले आहे, अमुक खात्यात पैसे भरा, अन्यथा अटक होईल, अशा खोट्या संदेशांनी लोकांची आयुष्यभराची पुंजी लुबाडली जात आहे. खऱ्या मागणीला क्रमांक, हिशेब व सही यांचे रूप असते, असा लोकांचा नित्य अनुभव असता तर खोटी मागणी तत्क्षणी ओळखू आली असती. सीमाशुल्क खात्याच्या पत्रव्यवहारावर 2019 च्या अखेरीपासून एक ओळख क्रमांक असतो व तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. ही उत्तम सोय आहे. तीच सोय प्रत्येक लहान पार्सलाच्या आकारणीपर्यंत आणावी: वस्तूचे वर्गीकरण, धरलेली किंमत, प्रत्येक कराचा दर व रक्कम, आणि दाद मागण्याची मुदत इतक्या मजकुराचे एक पान, मराठीत, पैसे मागण्यापूर्वी, कुरिअर कंपनीकडून नव्हे तर खात्याकडून ज्याचे पार्सल आहे त्याच्या भ्रमणध्वनीवर यावे, आणि कंपनीने आपले आकार वेगळ्या पावतीवर दाखवावेत. अप्रत्यक्ष करांच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाची संस्था केंद्र मंत्रिमंडळाने 2019 मध्ये मोडीत काढली. ती चालत नव्हती हे कारण असेल, तर चालेल अशी दुसरी उभारणे हे त्याचे उत्तर होते. अर्थमंत्र्यांनी येत्या अर्थसंकल्पात याची तजवीज करावी, आणि आमच्या भागातील खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारावा, अशी आमची जाहीर विनंती आहे.

तोपर्यंत वाचकांनी स्वतःपुरती दक्षता घ्यावी. मागणी आली की प्रथम आयातपत्राची प्रत व करांची फोड लेखी मागावी. कोणा व्यक्तीच्या खात्यात एक पैसाही भरू नये. फसवणूक झाली तर विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे. कंपनीच्या आकाराबद्दल तक्रार असेल तर अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही. जकातीबद्दल तक्रार असेल तर सीमाशुल्क आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील आहे. त्याची मुदत हुकूम कळल्यापासून साठ दिवसांची असते.