गाडी गेली, वाट राहिली

"आजोबा, इथे गाडी येणार नाही ना?" नातवाने माझा हात घट्ट धरून विचारले. इंग्लंडमधील बाथ शहरालगतच्या कूम डाऊन बोगद्यात आम्ही चालत होतो. लांबी १६७२ मीटर, मंद दिवे आणि शेजारून घंटी वाजवत जाणाऱ्या सायकली. "नाही रे, शेवटची गाडी १९६६ सालीच गेली," मी म्हणालो.

१८७४ मध्ये सुरू झालेल्या या एकेरी बोगद्याला धूर बाहेर जाण्यासाठी मध्ये कुठेही झरोका नव्हता. २० नोव्हेंबर १९२९ रोजी चढावर रेंगाळलेल्या मालगाडीचे इंजिनवाले धुराने बेशुद्ध पडले. गाडी पुढच्या उतारावरून सुसाट सुटली, बाथच्या मालधक्क्यात आदळली आणि तिघांचा बळी गेला. आज तिथेच मुले निर्धास्त हुंदडतात. स्थानिक रहिवाशांनी चिकाटीने पाठपुरावा केला, सस्ट्रान्स ही संस्था पुढे आली, लॉटरीच्या निधीची जोड मिळाली आणि एप्रिल २०१३ मध्ये बोगदा पादचारी व सायकलस्वारांना खुला झाला.

मला यात एक व्यवहार दिसतो. रेल्वेची खरी ठेव रूळ नव्हेत, तर सलग, सौम्य चढाची जमीन. इंजिनाला खडा चढ झेपत नाही म्हणून डोंगर पोखरला. आता तोच सौम्य चढ माझ्या गुडघ्यांना मानवतो. मात्र ही जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली, तर बोगद्याचे नुसते भुयार उरते. अर्थात वाट खुली केली की काम संपत नाही. दिवे, गळती, तपासणी यांचा खर्च दरवर्षीचाच.

आपल्याकडेही बोर घाटातला १८६३ चा मार्ग १९२९ मध्ये बदलला. जिथे गाड्या दिशा पालटत, तो जुना तुकडा मागे राहिला. दुसरीकडे, जुलै २०२३ मध्ये दूधसागरला निघालेल्या पर्यटकांना 'रुळांवरून चालू नका' असे रेल्वेला बजावावे लागले. घाटातून चालण्याची हौस लोकांना आहेच. ती चालू रुळांवर भागवली जाते, हे जिवावरचे आहे. केवळ मनाईच्या पाट्या पुरणार नाहीत. सोडून दिलेल्या मार्गांची पाहणी करून, जिथे सुरक्षित आहे तिथे तरी पायवाट द्यायला हवी.

पलीकडचा उजेड दिसताच नातवाने माझा हात सोडला आणि धूम ठोकली. मी त्याला थांबवले नाही.