मुलांकडे अमेरिकेला जाताय? दुखणं लपवू नका

"मुलाला खर्चात कशाला पाडायचं?" म्हणत छातीतली कळ अंगावर काढणारे आईवडील अमेरिकेतही असतात. ही माया जिवावर बेतते.

मुलांनो, विमा घेताना नुसता हप्ता पाहू नका. ठरावीक रकमेच्या स्वस्त पॉलिसीत प्रत्येक उपचाराला मर्यादा असते. वरचं बिल तुम्हीच भरायचं. जुना मधुमेह, रक्तदाब बऱ्याच पॉलिसी वगळतात किंवा त्यावर अटी घालतात. त्या अटी पैसे भरण्याआधी वाचा. फॉर्ममध्ये विचारलेला आजार लपवलात, तर नेमक्या गरजेच्या वेळी क्लेम नाकारला जाईल.

आईबाबांनो, भारतातली चिठ्ठी तिथल्या औषधाच्या दुकानात सहसा चालत नाही. मुक्काम पुरेल इतक्या गोळ्या मूळ पाकिटांत न्या. सोबत जेनेरिक नावांची चिठ्ठी ठेवा.

आणि छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलताना जीभ अडखळली, तर लगेच ९११ ला फोन करा. १९८६ च्या कायद्यानुसार तिथल्या बहुतेक रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागाला पैशांसाठी न थांबता तपासणी करून प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल नंतर येतं, मोठंही येतं. पण त्यावर बोलणी करता येतात, हप्ते मागता येतात. हृदयाचा मेलेला स्नायू मात्र परत मिळत नाही.