उलट टपाली

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपाशी कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाकडे वळायचे, ही आमच्या कोकणातली चाल. वाचकांनी या लेखाला ते कारीट समजावे. चकल्या-कडबोळी पुढच्या पानांवर आहेतच.

सध्या जिकडे तिकडे एकच डांगोरा पिटला जात आहे: यंत्राने अंतर जिंकले! साऱ्या जगाची विद्या मोबाईलवर आली; आता खेड्यातल्या पोराला कशाची वानवा? व्यासपीठावरून हे सांगणाऱ्या वक्त्याला एकलव्य हमखास आठवतो. दूरशिक्षणाचा आद्य विद्यार्थी म्हणे! पण द्रोणाचार्यांनी या शिष्याचा चुकलेला बाण कधी पाहिला नाही; ते दारी आले ते अंगठा मागायला. शिकवायला कोणी नाही, दक्षिणा वसूल करायला मात्र गुरू तत्पर, याला शिक्षण म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. माझी तक्रार आजच्या एकलव्यांच्या वतीने आहे.

वस्तुतः दूरशिक्षणाचा आरंभ याहून पुष्कळ शहाणपणाचा होता. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत देशभर कोठेही पत्र जाऊ लागले आणि आयझॅक पिटमन या गृहस्थांनी लघुलिपीचे धडे टपालाने धाडायला सुरुवात केली. विद्यार्थी बायबलातला उतारा लघुलिपीत लिहून पाठवी. पिटमन तो तपासून परत करीत. एका टपालाने धडा जाई, दुसऱ्या टपालाने चूक परत येई. साऱ्या खटाटोपाचे मर्म त्या दुसऱ्या टपालात होते.

आपल्याकडेही हे मर्म ओळखणारी माणसे होती. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. गावकरी रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, मग आपापसांत चर्चा करीत आणि त्यांच्या शंका पुण्याला जात. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ निघाले. छापील पुस्तकाच्या जोडीला अभ्यासकेंद्रावर भेटणारा माणूसही त्या योजनेत होता.

पण यंत्र जसजसे मोठे होत गेले, तसतसे उलट टपाल आटत गेले. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहामार्फत सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम उतरले. इंजिनिअरांचा तो पराक्रमच! मात्र समोरच्या पोराने हात वर केला, तर तो पडद्याला दिसत नव्हता. २०१७ साली ‘स्वयम्’ आले. तिथे नामवंत प्राध्यापक घरबसल्या भेटतात, हे मान्य. पण तिथल्या पुष्कळशा चाचण्या यंत्रच तपासते. चारांतला एक पर्याय निवडा, गुण ताबडतोब घ्या, चालू लागा!

मी स्वतः मॅट्रिकपाशी थांबलेला माणूस. विशीत एका टपाली अभ्यासक्रमाला नाव घातले होते. पुस्तिका चांगल्या असाव्यात. त्यांतले एक वाक्य आज आठवत नाही. आठवतो तो माझ्या निबंधाच्या समासात लाल शाईने लिहिलेला शेरा: ‘हे तुम्हाला असे का वाटते?’ खाली सही नव्हती. त्या अनोळखी माणसाने मला तीन रात्री झोपू दिले नाही. पुढे कादंबरी लिहायला बसलो, तो त्याच प्रश्नाच्या धाकाने.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्ही मास्तर मंडळी मोबाईलवर आलो. ‘असर’ची पाहणी सांगते की, देशाच्या ग्रामीण भागात घरी स्मार्टफोन असलेल्या शाळकरी मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. कोणी म्हणेल, फत्ते झाली! पण फोन घरात असणे वेगळे आणि पोराच्या हाती असणे वेगळे. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा बाप फोन घेऊन चिरेखाणीवर जाई. तिला धडा मिळे रात्री नऊनंतर. ती वहीच्या पानाचा फोटो धाडी आणि मी त्यावर उभ्या अंगठ्याचे चित्र धाडून मोकळा होई. एके रात्री तिने विचारले, “सर, गणित बरोबर आहे, की नुसतं पोचलं?”

मी पान पुन्हा उघडले. गणित चुकलेले होते.

यंत्राशी माझे वैर नाही. टपालाला चार दिवस लागत. फोनला चार सेकंद पुरतात. चूक परत धाडायला याहून चांगले साधन माणसाला कधी मिळाले नव्हते. घोडे अडते ते पैशापाशी. एकदा चित्रित केलेला धडा हजारांना दाखवा की लाखांना, खर्चात फारसा फरक पडत नाही. लाख वह्या तपासायच्या तर माणसे लागतात आणि माणसांना पगार लागतो. म्हणून जाहिरातीत धड्यांची संख्या झळकते. वह्या तपासणाऱ्यांची संख्या कोणी छापीत नाही. आता बुद्धिमान यंत्र वह्याही तपासील, असे सांगतात. हिशेबाची चूक ते दाखवीलही. पण माझ्या उत्तराची कोणीतरी वाट पाहत आहे, या जाणिवेनेच मी तो निबंध पुन्हा लिहिला होता. ती वाट यंत्र कसे पाहणार?

तेव्हा वाचकहो, या सुटीत घरातले कोणी अशा अभ्यासक्रमाला नाव घालणार असेल, तर धडे किती, हे विचारू नका. माझे उत्तर कोण वाचणार आणि ते किती दिवसांत परत येणार, एवढेच विचारा. नीट जबाब मिळाला नाही, तर फीचे पैसे खिशातच राहू द्या.

कडू संपले, फराळाला बसा. आणि माझे म्हणणे पटले नाही, तर संपादकांच्या पत्त्यावर जरूर लिहा. उत्तर उलट टपाली धाडीन.