इंजिन बदलले; डायग्राम कुठे आहे?

जुन्या अॅम्बेसेडरच्या बॉनेटखाली अलीकडच्या गाडीचे इंजेक्शनचे इंजिन बसवलेले असते. रंग चकचकीत, क्रोम नवे, आवाज गोड. टाकी पाव भरलेली असताना लांब वळण आले, की मात्र गाडी मिसिंग मारते. मिस्त्री स्कॅनर लावतो. बऱ्याचदा कोड येतो पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. मग ऑक्सिजन सेन्सर बदलतात, इंजेक्टर साफ होतात, प्लग नवे येतात. हजारोंचा चुराडा होतो आणि पुढच्या वळणावर गाडी पुन्हा तेच करते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

दोष असतो मागे, डिकीकडे. कार्ब्युरेटरला पेट्रोलचा दाब पाव बारच्या आसपास पुरतो आणि त्याच्या वाटीत थोडे पेट्रोल शिल्लक असते; पंपाने क्षणभर हवा ओढली तरी चालून जाते. इंजेक्शनला साधारण ३ बार दाब सतत लागतो आणि शिल्लक काही नसते. जुन्या साध्या टाकीत पेट्रोल अडवणारे आडवे पत्रे नसले, तर वळणावर ते एका बाजूला धावते आणि पंप कोरडा पडतो. स्कॅनर खोटे बोललेला नसतो. त्याला टाकीबद्दल कुणी विचारलेलेच नसते.

असे इंजिन बदललेल्या गाड्यांच्या तक्रारी खोदत गेले, की बहुतेक वेळा जुने आणि नवे जिथे जोडले, तिथेच येऊन थांबावे लागते. इंजिन बिचारे ठणठणीत असते.

किल्लीचेच घ्या. स्टार्टर फिरतो आहे तोवर इंजिन पेटत नाही, पण किल्ली सोडता सोडता एकदम पेटते. क्रँक सेन्सरवर संशय घेण्याआधी ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची, वायर कुठून घेतली आहे ते पाहावे. काही जुन्या स्विचमध्ये स्टार्टर फिरताना दिव्या-रेडिओच्या टर्मिनलचा पुरवठा तुटतो. ईसीयू त्याच टर्मिनलवर असेल, तर ऐन गरजेच्या वेळी तो झोपतो. औषध काय, तर एक रिले आणि हातभर वायर.

अर्थिंगची कथाही तशीच. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते आणि रबरातून करंट जात नाही. ब्लॉकपासून चासीपर्यंतची जाड पट्टी विसरली किंवा ताज्या रंगावरच आवळली, तर करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनही वाट काढतो, सेन्सर वेडेवाकडे आकडे देतात. तपासणी मिनिटभराची आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे ब्लॉकला लावायचे आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर आधी अर्थिंग सुधारायचे. सेन्सरची पावती नंतर. एमजी बीसारख्या ब्रिटिश गाड्या १९६७ पर्यंत पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. तिथे सवयीने वायरी जोडणाऱ्याने ईसीयू जाळलाच म्हणून समजा.

इंजिन नवे आणि गिअरबॉक्स केबलच्या स्पीडोमीटरचा जुना ठेवला, तर ईसीयूला गाडीचा वेग कळत नाही आणि काही गाड्या सिग्नलपाशी थांबता थांबता बंद पडतात. सेंडर नव्या इंजिनाचा, तापमानाचा काटा जुन्या डॅशबोर्डचा, अशी जोडी असेल तर काट्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

म्हणून इंजिन बदलणे हाच गुन्हा ठरवण्याचे कारण नाही. आपल्याकडे कारखान्यांनीच ते केले आहे. कुर्ल्याच्या प्रीमिअरने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या अंगात निसानचे ११७१ सीसीचे इंजिन घालून ११८ एनई आणली. हिंदुस्थान मोटर्सने व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या साच्यातली काँटेसा आधी जुन्या दीड लिटरच्या इंजिनावर चालवली, मग तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन दिले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तेच अॅम्बेसेडरमध्ये आले, पाच गिअरच्या बॉक्ससह. कारखान्याने मात्र इंजिनाबरोबर वायरिंगही आखले आणि ते कागदावर उतरवले. गॅरेजमध्ये ते मिस्त्रीच्या डोक्यात राहते, आणि मिस्त्रीने दुकान हलवले की तेही गेले.

कागद न करण्याचे एक कारण कायद्याची भीती हेही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितले. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे नियम आले, पण इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी त्यांत बसत नाही. मग काम गुपचूप होते आणि गुपचूप कामाचा डायग्राम कोण काढणार? सुरक्षिततेची तपासणी करून अशा बदलांची रीतसर नोंद करण्याची वाट सरकारने काढायला हवी. आज बिनकागदाच्या या गाड्या रस्त्यावर आहेतच.

तोवर अशी गाडी करून घेणाऱ्याने वा विकत घेणाऱ्याने आधी आरटीओत काय मान्य होईल ते विचारावे. मग गॅरेजकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात: फ्यूज, रिले आणि अर्थिंगच्या जागा दाखवणारा वायरिंग डायग्राम, इंजिन व ईसीयू कोणत्या मॉडेलचे, त्याची नोंद, ताबा देताना मोजलेला पेट्रोलचा दाब, आणि बदललेल्या प्रत्येक सेन्सरचा पार्ट नंबर. हे हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.